कुत्र्याची घाणेरडी खोड : कारणे, धोके आणि उपाय

(शेतकरी मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजच्या माझ्या भाषणाचा विषय ऐकून काही जणांना हसू येईल, तर काही जण नाक मुरडतील. गाई-म्हशींचा आहार, शेळ्यांचे लसीकरण, वासरांचे संगोपन यांवर आपण मेळाव्यांतून नेहमी ऐकतो. पण वस्तीवर राखणीला ठेवलेल्या कुत्र्याबद्दल फारसे कोणी बोलत नाही. ते शेण खाते, उकिरड्यात तोंड घालते, कोठेतरी मेलेल्या जनावरावर लोळून येते आणि अंगाला दुर्गंधी घेऊन थेट ओसरीवर येऊन बसते. आपण त्याला हाड् म्हणतो, एखादा दगड भिरकावतो आणि कामाला लागतो. थोड्या वेळाने तेच कुत्रे घरातल्या लहान मुलाच्या मांडीवर डोके ठेवून पडलेले असते. मूल त्याच्या मानेवरून हात फिरवते आणि त्याच हाताने भाकरीचा तुकडा तोंडात घालते. आजच्या विषयाचे महत्त्व या शेवटच्या गोष्टीत आहे.

कुत्र्याचे शेपूट नळीत घातले तरी वाकडे ते वाकडेच, अशी म्हण आपल्याकडे आहे. या खोडीच्या बाबतीत ती बऱ्याच अंशी खरी आहे. मारून, रागावून किंवा औषध देऊन ही खोड सहसा जात नाही. मात्र कुत्र्याला ही घाण मिळते कोठून, हे पाहिले तर उत्तर आपल्या अंगणात, गोठ्यात आणि शिवारातच सापडते. कुत्र्याचा स्वभाव बदलणे आपल्या हाती नाही, परंतु शेण, विष्ठा, वार आणि मेलेले जनावर उघड्यावर न टाकणे पूर्णपणे आपल्या हाती आहे.

कुत्रे विष्ठा का खाते?

याची कारणे अनेक आहेत. ती नीट समजून घेतली तर उपाय करणे सोपे जाते.

पहिले कारण जन्मापासूनचे आहे. कुत्री व्याल्यानंतर सुमारे तीन आठवडे पिलांना चाटून स्वच्छ ठेवते आणि त्यांची विष्ठा स्वतः खाते. त्यामुळे पिलांची जागा कोरडी राहते व वासावरून शत्रूला बिळाचा पत्ता लागत नाही. ही नैसर्गिक क्रिया आहे. ती पाहून कुत्रीला मारू नये.

दुसरे कारण कुत्र्याच्या पूर्वेतिहासात आहे. कुत्रा माणसाच्या सोबतीने हजारो वर्षांपासून राहत आला आहे. या काळात त्याने वस्तीभोवतीचे उष्टे-खरकटे, हाडे आणि विष्ठा यांवरच बराचसा गुजारा केला. आपल्याला जी घाण वाटते ते त्याच्या दृष्टीने अन्नच आहे. जनावरांच्या शेणात न पचलेले धान्याचे कण व जीवाणूंनी तयार केलेली काही जीवनसत्त्वे असतात. दुधावरच्या वासराच्या शेणाला दुधाचा आंबूस वास असतो, म्हणून ते कुत्र्याला विशेष आवडते. शेतात मेंढ्या बसविल्या की दुसऱ्या दिवशी कुत्री लेंड्या वेचून खाताना दिसतात, ती याच कारणाने.

तिसरी बाब म्हणजे एका कुत्र्याने दुसऱ्या कुत्र्याची विष्ठा खाणे. यावर अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील शास्त्रज्ञांनी पाहणी केली व ती २०१८ साली प्रसिद्ध झाली. सुमारे ३ हजार कुत्र्यांच्या मालकांकडून माहिती घेण्यात आली. त्यात १६ टक्के कुत्री वारंवार विष्ठा खाणारी आढळली. विशेष म्हणजे ही कुत्री बहुधा दोन दिवसांच्या आतील ताजी विष्ठाच खातात, असे दिसून आले. शास्त्रज्ञांनी त्याचा असा अर्थ लावला, की कुत्र्याचा पूर्वज असलेला लांडगा आपल्या बिळाजवळ पडलेली विष्ठा, तिच्यातील जंतांची अंडी रोगकारक होण्यापूर्वीच, खाऊन टाकत असावा. गोलकृमींसारख्या अनेक जंतांच्या अंड्यांना रोगकारक होण्यास काही दिवस ते काही आठवडे लागतात. म्हणजे आपल्याला जी घाणेरडी सवय दिसते, ती मुळात बीळ स्वच्छ ठेवण्याची रीत असण्याचा संभव आहे.

चौथे कारण भूक आणि आजार हे होय. नुसत्या भाकरी-ताकावर ठेवलेल्या कुत्र्याला पुरेशी प्रथिने मिळत नाहीत. पोटात जंत असतील तर खाल्लेले अंगी लागत नाही. स्वादुपिंडाच्या विकारात अन्न पचत नाही, कुत्रे सारखे भुकेलेले असते व खाऊनही वाळत जाते. पूर्वी कधी विष्ठा न खाणारे मोठे कुत्रे अचानक खाऊ लागले, त्याची हगवण थांबत नसेल किंवा वजन घटत असेल, तर तो आजार समजावा व पशुवैद्यकाला दाखवावे.

पाचवे कारण म्हणजे एकटेपणा. दिवसभर साखळीने बांधून ठेवलेले कुत्रे कंटाळते आणि पुढ्यात पडलेल्या स्वतःच्याच विष्ठेशी खेळता खेळता ती खाऊ लागते. अशा वेळी आपण ओरडत धावून गेलो तर ते आणखी घाईने गिळते. मालक आला की हे काढून घेतो, एवढेच ते शिकते.

कुत्रे घाणीत का लोळते?

लोळण्याची पद्धत ठरलेली असते. कुत्रे आधी वास घेते, मग गाल व मान टेकवते, नंतर खांदा घासते आणि शेवटी पाठीवर उताणे होऊन चारी पाय वर करते. लांडगे आणि कोल्हेही असेच करतात. यामागील कारणांबाबत शास्त्रज्ञांची निरनिराळी मते आहेत. काहींच्या मते शिकारीला आपला वास येऊ नये म्हणून ही क्रिया असावी. काहींच्या मते, आपल्याला कोठे काय सापडले याची खबर कळपातील सोबत्यांना देण्यासाठी लांडगा तो वास अंगावर घेऊन जातो. कारण कोणतेही असो, कुत्र्याला या वासाचा आनंद होतो एवढे नक्की. आपण अत्तर लावतो, तसे ते मेलेल्या घुशीचा वास लावून येते. म्हणूनच सुवासिक साबणाने धुतलेले कुत्रे सुटताक्षणी उकिरड्याकडे धावते, हा अनुभव आपल्यापैकी अनेकांना असेल.

कोणत्या घाणीत किती धोका?

सर्वच घाण सारखी धोकादायक नसते. कुत्र्याने तोंड घातले किंवा अंग घासले ते कशात, यावर धोका अवलंबून असतो. त्याचे चार भाग करता येतील.

१) गाई-म्हशींचे शेण व शेळ्या-मेंढ्यांच्या लेंड्या : निरोगी जनावराचे शेण चाटल्याने कुत्र्याला सहसा मोठा अपाय होत नाही. गुरांच्या पोटातील बहुतेक जंत कुत्र्याच्या पोटात वाढू शकत नाहीत. मात्र हगवण लागलेल्या वासराचे शेण खाऊ देऊ नये, त्यातून जीवाणूंची बाधा होऊ शकते. दुसरी काळजी औषधाची आहे. जनावरांना गोचीड व जंतांसाठी आयव्हरमेक्टीनचे इंजेक्शन दिले की त्यातील बराचसा भाग शेणावाटे बाहेर पडतो. कोली जातीच्या आणि तिच्या संकरातील कुत्र्यांना हे औषध आनुवंशिक दोषामुळे बाधते. त्यांना झोक जाणे, डोळ्यांपुढे अंधारी येणे, बेशुद्ध पडणे अशी लक्षणे होतात. अल्सेशियन कुत्र्यांतही काही प्रमाणात हा दोष आढळतो. म्हणून जनावरांना हे औषध दिल्यावर निदान आठवडाभर कुत्र्याला गोठ्याबाहेर ठेवावे व शेण रोजच्या रोज उचलावे.

२) माणसाची विष्ठा : उघड्यावर शौचास बसण्याची प्रथा जेथे आहे, तेथे कुत्री ती विष्ठा खातात. आपल्याला वाटते की घाण साफ झाली. परंतु जंतांची अंडी कुत्र्याच्या पोटातून तशीच्या तशी बाहेर पडू शकतात. आसाममधील चहाच्या मळ्यांत झालेल्या व २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कुत्र्यांच्या विष्ठेत माणसाच्या पोटातील जंतांची अंडी आढळली. म्हणजे कुत्र्याने घाण नाहीशी केली नव्हती, ती फक्त शिवारातून अंगणात आणून टाकली होती. महाराष्ट्रात २००० साली संत गाडगेबाबांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान सुरू झाले व त्यानंतर खेडोपाडी शौचालये झाली. घरातील प्रत्येकाने शौचालय वापरणे हा कुत्र्याच्या या खोडीवरचाही उपाय आहे.

३) कुत्रा, मांजर व कोल्ह्याची विष्ठा : हा धोका मोठा आहे. आजारी कुत्र्याच्या विष्ठेतून पार्व्हो रोगाचे विषाणू पसरतात आणि ते जमिनीत कित्येक महिने टिकतात. लस न टोचलेली पिले त्याला बळी पडतात. कुत्र्याच्या पोटातील पट्टकृमींची गोष्ट आणखी वेगळी आहे. गोलकृमींच्या अंड्यांना रोगकारक होण्यास दोन-तीन आठवडे लागतात, पण हायडेटिड रोगाच्या पट्टकृमीची अंडी बाहेर पडताक्षणीच रोगकारक असतात. बाधित कुत्र्याच्या विष्ठेवर दुसरे कुत्रे लोळले, की ही अंडी त्याच्या मानेच्या केसांना चिकटतात. बाधित कुत्रे स्वतःचे अंग चाटते तेव्हा त्याच्या तोंडाला व केसांनाही ती लागतात. अंडी इतकी बारीक असतात की डोळ्यांना दिसत नाहीत. वरून स्वच्छ दिसणाऱ्या कुत्र्याच्या केसांतही ती असू शकतात.

४) मेलेले जनावर, वार आणि कापलेल्या जनावराचे टाकाऊ अवयव : सर्वांत जास्त धोका येथे आहे. कुत्र्याच्या पोटात हे पट्टकृमी येतात ते येथूनच. त्यामुळे याबद्दल थोडे सविस्तर सांगतो.

रोगाचे चक्र

मेंढी, शेळी, गाय किंवा म्हैस कापल्यावर काही वेळा तिच्या काळजावर आणि फुफ्फुसावर पाण्याने भरलेले पांढरट फोड दिसतात. असा अवयव खाण्यालायक नाही म्हणून आपण तो कुत्र्यापुढे टाकतो. या फोडांत पट्टकृमीची असंख्य सूक्ष्म डोकी असतात. ती कुत्र्याच्या आतड्यात चिकटतात व सुमारे सहा-सात आठवड्यांत त्यांचे पूर्ण वाढलेले कृमी तयार होतात. हा कृमी अवघा ३ ते ६ मिलिमीटर लांबीचा असतो. कुत्र्याला त्याचा काहीच त्रास होत नाही. ते धडधाकट दिसते, राखणही चोख करते, पण त्याच्या विष्ठेतून अंडी पडत राहतात. ती चाऱ्यावरून मेंढीच्या पोटात जातात आणि पुन्हा फोड तयार होतात. मुलांच्या हाताला लागून ती तोंडावाटे पोटात गेली, तर माणसाच्या काळजात किंवा फुफ्फुसात तसेच फोड होतात. हे फोड वर्षानुवर्षे हळूहळू वाढतात. लहानपणी झालेली बाधा मोठेपणी पोटात गोळा लागू लागल्यावर कळते आणि बरेचदा शस्त्रक्रिया करावी लागते.

याच कुळातील दुसरा पट्टकृमी मेंढीच्या मेंदूत फोड करतो. मग मेंढी मान एका बाजूला कलती ठेवून एकाच दिशेने गोल गोल फिरते, कळपामागे राहते आणि शेवटी पडते. हा रोग मेंढपाळ बांधवांना चांगला माहीत आहे. तो येतो मेंढीचे डोके फोडून कुत्र्याला घातल्यामुळे आणि त्या कुत्र्याने चरणीत विष्ठा टाकल्यामुळे. अशा मेंढीचे डोके कुत्र्याला घालणे म्हणजे पुढच्या वर्षीच्या रोगाची पेरणी करणे होय.

गाई-म्हशींच्या बाबतीत निओस्पोरा नावाच्या सूक्ष्म परजीवीचा विचार करावा लागतो. तो कुत्र्याच्या शरीरात वाढतो व त्याच्या विष्ठेतून पसरतो, हे १९९८ साली सिद्ध झाले. कुत्र्याने बाधित गाईची वार किंवा मेलेले वासरू खाल्ले, की हा परजीवी त्याच्या पोटात जाऊ शकतो. नंतर कुत्र्याची विष्ठा चाऱ्यात किंवा पाण्यात मिसळली, तर गाभण गाईला बाधा होऊन ती गाभडू शकते. गर्भपात झालेल्या जनावराला ब्रुसेला म्हणजे सांसर्गिक गर्भपाताची बाधा असेल, तर ती वार ओढत नेणारे कुत्रे तो रोग वस्तीभर पसरवू शकते. तो माणसालाही होतो. म्हणून वार उघड्या हातांनीही उचलू नये.

मेलेल्या जनावराबाबत आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. पूर्वी गावाबाहेर टाकलेले मढे गिधाडे थोड्या वेळात साफ करीत. १९९० नंतरच्या दशकात गिधाडांची संख्या झपाट्याने घटली. जनावरांना दिलेले डायक्लोफिनॅक हे औषध मढ्यातून त्यांच्या पोटात जाऊन ती मरत होती. २००६ साली जनावरांसाठी या औषधावर बंदी आली, पण घटलेली गिधाडे लगेच परत येत नाहीत. आता तीच मढी दिवसेंदिवस पडून राहतात आणि त्यांवर कुत्री जमतात. आपले कुत्रे त्यातलेच एक असते. म्हणून आजोबांच्या काळी चालून गेलेली पद्धत आज चालणार नाही.

एका पुस्तिकेने केलेले काम

हायडेटिड रोग हटविता येतो काय, असे कोणी विचारील. त्यासाठी आइसलँड या लहानशा थंड देशाचे उदाहरण पाहू. तेथील लोक मेंढ्या पाळणारे. घरोघर कुत्री आणि घरोघर हा रोग, अशी एकोणिसाव्या शतकात त्यांची अवस्था होती. १८६३ साली डेन्मार्कमधील हाराल्ड क्राबे हे शास्त्रज्ञ तेथे गेले. त्यांनी १०० कुत्र्यांची आतडी तपासली, तेव्हा २८ कुत्र्यांत हा कृमी सापडला. त्यांनी सोप्या भाषेत एक पुस्तिका लिहिली. फोड आलेले अवयव कुत्र्याला घालू नका, ते जाळा किंवा पुरा, आणि कुत्र्यापासून हात-तोंड जपा, असा तिचा आशय होता. ती घरोघर मोफत वाटली गेली. लोक साक्षर होते. त्यांनी ती वाचली आणि तसे वागू लागले. पुढे कायदेही झाले, आणि विसाव्या शतकात तो देश या रोगातून मुक्त झाला. त्या काळी कुत्र्यांसाठी आजच्यासारखी प्रभावी औषधे नव्हती. न्यूझीलंडनेही १९५९ साली कायदा करून कुत्र्यांना नियमित औषध देण्यास सुरुवात केली व २००२ साली तो देश तात्पुरता रोगमुक्त जाहीर झाला.

त्या लोकांनी कुत्री मारून हा रोग घालविला नाही. त्यांनी कुत्र्यापुढे काय पडते ते बदलले. आपल्या मासिकाचे वाचक साक्षर आहेत, म्हणून हे उदाहरण मुद्दाम सांगितले.

काय करावे?

१) जंताचे औषध : पिलांना दुसऱ्या आठवड्यापासून आठव्या आठवड्यापर्यंत दर १५ दिवसांनी, नंतर सहा महिन्यांपर्यंत दरमहा आणि पुढे दर तीन महिन्यांनी जंताचे औषध द्यावे. पट्टकृमीसाठी प्राझिक्वान्टेल हे औषध प्रति किलो वजनास ५ मिलिग्रॅम या प्रमाणात उपयुक्त आहे. चार आठवड्यांखालील पिलांना ते देऊ नये. मेंढ्यांच्या कळपाबरोबर फिरणाऱ्या किंवा कच्चे मांस खाणाऱ्या कुत्र्यांना ते दर सहा आठवड्यांनी द्यावे, म्हणजे कृमी अंडी टाकण्यापूर्वीच मरतात. औषध पशुवैद्यकाच्या सल्ल्यानेच द्यावे. कुत्र्याचे वजन काढण्यासाठी ते उचलून घेऊन वजनकाट्यावर उभे राहावे व त्यातून आपले वजन वजा करावे.

२) औषधानंतर दोन दिवस बांधून ठेवणे : हे औषध कृमी मारते, अंडी मारीत नाही. म्हणून औषध दिल्यावर कुत्र्याला दोन दिवस बांधून ठेवावे. त्या काळातील सर्व विष्ठा गोळा करून जाळावी किंवा खोल पुरावी.

३) विष्ठेची विल्हेवाट : अंगणातील कुत्र्याची विष्ठा रोज सकाळी फावड्याने उचलून दोन फूट खोल खड्ड्यात टाकावी व माती लोटावी. ती भाजीपाल्याच्या खतात मिसळू नये. ताजी विष्ठा लगेच उचलल्याने दोन फायदे होतात. कुत्र्याला खायला ती उरत नाही आणि गोलकृमींची अंडी रोगकारक होण्यापूर्वीच नाहीशी होतात.

४) गोठा व उकिरडा : शेण रोजच्या रोज गोबर गॅसच्या टाकीत किंवा खताच्या खड्ड्यात टाकावे. खड्ड्याला काटेरी कुंपण किंवा जाळी लावावी. सारवणासाठी आणि गोवऱ्यांसाठी शेण थेट गोठ्यातून घ्यावे, कुत्री बसतात त्या अंगणातून गोळा करू नये. काम झाल्यावर हात आणि नखे साबणाने स्वच्छ धुवावीत. हे काम आपल्या घरांत बहुधा भगिनीच करतात, म्हणून त्यांना माझी ही खास विनंती आहे.

५) चारा, पाणी व भांडी : कडब्याच्या गंजीवर, पेंडीच्या पोत्यांवर आणि गव्हाणीत कुत्र्याला बसू देऊ नये. धार काढण्याची भांडी उंचावर पालथी ठेवावीत. मेथी-कोथिंबिरीच्या वाफ्यांना कुंपण करावे आणि कच्ची खायची भाजी भरपूर पाण्याने धुवावी.

६) वार, मेलेले जनावर व टाकाऊ अवयव : वार पडताच हातमोजे किंवा प्लॅस्टिकची पिशवी हातात घालून उचलावी आणि तीन फूट खोल पुरून वर चुना टाकावा. मेलेले जनावर सहा फूट खोल खड्ड्यात चुन्यासह पुरावे. फोड आलेले काळीज किंवा फुफ्फुस जाळावे वा खोल पुरावे. चांगले अवयव कुत्र्याला घालायचेच असतील तर लहान तुकडे करून निदान पाऊण तास उकळावेत. यात्रेच्या व सणाच्या दिवशी जेथे बरीच जनावरे कापली जातात, तेथे ग्रामपंचायतीने आधीच एक खोल खड्डा खणून ठेवावा. गावातल्या एका घराने पाळून भागत नाही, हे काम सर्वांचे आहे.

७) पोटभर आहार : भाकरीबरोबर दूध, अंडे किंवा उकडलेले मांस थोडे तरी द्यावे. दिवसातून दोन वेळा ठरावीक वेळी खायला घालावे. कांदा-लसूण घातलेले कालवण घालू नये, ते कुत्र्याला बाधते.

८) शिकवण : कुत्रे घाणीकडे वळले की त्याच्यामागे धावू नये. लहानपणापासूनच हाक मारल्यावर परत येण्याची सवय लावावी आणि आल्यावर भाकरीचा तुकडा द्यावा. घाणीपेक्षा मालकाकडे काही चांगले मिळते, हे त्याला समजले पाहिजे. चरणीत फारच खोडकर कुत्रे असेल तर काही वेळ जाळीचे मुसके घालावे. मात्र त्यातून त्याला तोंड उघडून धापा टाकता आल्या पाहिजेत.

९) धुणे : लोळून आलेल्या कुत्र्याला विहिरीपासून व पाणवठ्यापासून दूर न्यावे. वाळलेली घाण काडीने काढावी आणि मग कोमट पाणी व सौम्य साबणाने मान, खांदे व पाठ धुवावी. धुणाऱ्याने हातात पिशवी घालावी. हे काम मुलांना सांगू नये.

१०) मुलांना सवय : कुत्र्याशी खेळल्यावर आणि जेवणाआधी साबणाने हात धुणे ही सवय मुलांना लावावी. कुत्र्याला तोंड चाटू देऊ नये. घरातील थाळीत त्याला जेवू घालू नये, त्याचे भांडे वेगळे ठेवावे.

याबरोबरच तीन महिन्यांच्या वयात पिसाळण्याची म्हणजे रेबीजची लस टोचावी आणि नंतर दरवर्षी ती पुन्हा द्यावी. पार्व्होची लसही चुकवू नये.

काय करू नये?

काही जण कुत्र्याच्या विष्ठेवर मिरचीपूड टाकतात. त्याने फारसे काही होत नाही, कुत्रे दुसरीकडची विष्ठा शोधते. ही खोड मोडण्यासाठी विकल्या जाणाऱ्या ११ औषधांबद्दल वर सांगितलेल्या अमेरिकन पाहणीत मालकांना विचारण्यात आले. त्यांतील एकाही औषधाचे यश २ टक्क्यांच्या वर गेले नाही. त्यामुळे अशा औषधांवर पैसा घालवू नये. तोच पैसा जंताच्या गोळीवर खर्च करावा.

दुर्गंधी घालविण्यासाठी कुत्र्याच्या अंगाला रॉकेल किंवा फिनाईल लावू नये. त्याने कातडी भाजते आणि अंग चाटल्यावर ते पोटात जाते. गोचिडांसाठी शेतातील कीटकनाशकाची भुकटी चोळणे तर फारच घातक आहे. त्याने कुत्रे दगावू शकते आणि त्याला हात लावणाऱ्या मुलालाही बाधा होऊ शकते.

कुत्र्याचे नाक त्याच्या विष्ठेत घासणे ही चुकीची पद्धत आहे. त्यातून ते काही शिकत नाही, फक्त आपल्याला भिऊ लागते. आणि या खोडीला कंटाळून कुत्र्याला दूर नेऊन सोडून देऊ नये. औषध व लस न मिळालेले असे कुत्रे दुसऱ्या गावच्या उकिरड्यावर जाते आणि हाच रोग तेथे पसरविते. शिवाय रिकामी झालेली जागा दुसरे भटके कुत्रे घेते, तेव्हा आपला प्रश्न जेथल्या तेथेच राहतो.

शेतकरी बंधू-भगिनींनो, कुत्रे रात्रभर जागते म्हणून आपण झोपू शकतो. वाघुरात शिरलेला लांडगा आणि उभ्या पिकात घुसलेले डुक्कर आपल्याआधी त्याला कळते. या राखणदाराला आपण रोज भाकरी घालतो. त्याच्या बरोबरीने वर्षातून काही वेळा जंताची गोळी घालावी आणि अंगणातल्या खड्ड्यावर रोज दोन फावडी माती लोटावी, एवढेच माझे मागणे आहे. मेळावा संपवून घरी गेल्यावर आपल्या कुत्र्याला शेवटचे जंताचे औषध कधी दिले होते, हे घरातल्यांना विचारा. कोणालाच आठवले नाही, तर उद्या सकाळी जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात जा. वार आणि मढ्यासाठी खड्डा कोठे घ्यायचा, हेही याच आठवड्यात शेजाऱ्यांशी बोलून ठरवा.